लाकूडकामाचा 12 इंची लेथ: दोन पावसाळे वापरल्यानंतर

खोकं उघडल्या दिवशी फोटो टाकून पाच तारे देणाऱ्यांनी माझं बरंच नुकसान केलं. त्यांच्या भरवशावर मी मशीन घेतलं आणि पुढचे दोन महिने ते सरळ करण्यात घालवले. म्हणून मी घाई केली नाही. 2023 च्या नोव्हेंबरात लेथ, म्हणजे लाकूड गरगर फिरवून कातायचं मशीन, घरी आला, मधे 2024 आणि 2025 चे पावसाळे त्याने आमच्या पडवीत काढले, आता लिहायला हरकत नाही.

आधी माल काय तो सांगतो. 12 इंच स्विंग, म्हणजे 12 इंच व्यासापर्यंतचं लाकूड फिरतं, दोन टोकांमध्ये 18 इंच अंतर, पाऊण हॉर्सपॉवरची मोटर म्हणजे साधारण 550 वॅट. पट्ट्याच्या तीन पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर वेग बटणाने कमीजास्त होतो. वजन 41 किलो. मला पडला 46,500 रुपयांना, लाकूड पकडायचा चार जबड्यांचा चक वेगळा 8,800, खेडच्या ट्रान्सपोर्ट गोडाऊनपासून दापोलीपर्यंत छोटा हत्तीचं भाडं वेगळं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हेच ओतकाम चार-पाच नावांनी चार-पाच रंगांत विकतात. निळा घ्या नाहीतर हिरवा, आतला ऐवज बहुधा एकाच साच्यातला. म्हणून इथे लिहिलेलं त्या सगळ्यांना कमीअधिक लागू पडेल.

मी एसटीत मेकॅनिक होतो, आधी विभागीय कार्यशाळेत आणि शेवटची 14 वर्षं आगारात. ब्रेक ड्रम टर्न करायच्या लेथवर आयुष्य गेलं, त्यामुळे लेथ म्हणजे आपल्या हातचा मळ असा एक समज होता. तो कसा उतरला ते पुढे येईलच.

लेथ घ्यायचं कारण म्हणजे आमचा फणस. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या आगरात दोन आंबे, पंचवीसेक पोफळी आणि माझ्या आजोबांच्या आधीपासून उभा असलेला एक फणस आडवा झाला. पंचनामा झाला, जी काय भरपाई यायची ती आली. फणसाचा खालचा सरळ भाग वखारीवर नेऊन फळ्या पाडल्या. वरच्या वाकड्या भागाचे आणि फांद्यांचे ओंडके गोठ्यात रचून ठेवले. चुलीत घालायला जीव होईना. फणसाचं लाकूड ताजं कापलं की हळदीसारखं पिवळं निघतं आणि वर्षा-दोन वर्षांत तांबूस-तपकिरी होत जातं. दक्षिणेत वीणा आणि मृदंगम् ह्याच लाकडाचे करतात. असल्या लाकडावर भात शिजवायचा?

दुसरं कारण घरातलं. आमच्या हिचं माहेरून आलेलं लाटणं एका टोकाला तडकलं होतं. बाजारातली लाटणी तिला हलकी वाटतात. "एवढं मशीन घेताय तर आधी लाटणं करा," असा हुकूम निघाला.

मशीन खोक्यातून काढलं तर सगळीकडे चिकट पिवळं ग्रीस, त्यात थर्माकोलचे दाणे. डिझेल आणि जुनं धोतर घेऊन अर्धा दिवस पुसत बसलो. पुसताना दिसलं की स्पिंडलच्या, म्हणजे फिरणाऱ्या पोकळ दांड्याच्या आत, जिथे दोन नंबरचा मोर्स टेपर, म्हणजे लाकूड धरणाऱ्या सेंटरची निमुळती शेपटी बसते, तिथे रंगाचे दोन ओघळ वाळलेत. हे बघणं फार गरजेचं आहे. टेपरमध्ये केसाएवढा जरी कचरा राहिला तरी सेंटर तिरकं बसतं आणि पुढे अठरा इंचांवर ते तिरकेपण चांगलंच दिसतं. रंग खरवडून, बोटाला फडकं गुंडाळून आत फिरवलं. हत्यार टेकायच्या टूल रेस्टची वरची कड तर कानशीसारखी होती. त्यावरून हत्यार सरकवलं की गचके देतं, आणि प्रत्येक गचका लाकडावर उमटतो. सपाट कानस मारून आणि वर मेणबत्ती घासून ती गुळगुळीत केली. 46 हजारांत एवढं तरी कारखान्यात करून द्यायला हवं होतं.

सोबत लाकडात रुतून ते फिरवणारं चार दातांचं ड्राइव्ह सेंटर, टेलस्टॉकचं (मागून टेकू देणारा सरकता भाग) फिरतं सेंटर, लाकूड स्क्रूने बसवायची 3 इंची फेसप्लेट, 6 इंची टूल रेस्ट, ठोकून सेंटर काढायची सळई आणि नट आवळायचे दोन पाने. पुस्तिका आहे, पण तिच्यात कामाचं एकच पान, सुट्या भागांच्या चित्राचं. ते फाडून भिंतीला लावा.

आता बैठक. ह्या विषयावर मी लांब लिहिणार आहे, कारण पाच तारेवाल्यांपैकी एकानेही त्याबद्दल अवाक्षर काढलेलं नाही.

लेथची उंची अशी हवी की स्पिंडलचा मध्य तुमच्या कोपराच्या रेषेत यावा. खाली असला तर तासाभरात कंबर बोलते, वर असला तर खांदे. माझ्या उंचीला तो 41 इंचांवर आला. मी दीड इंची अँगलचा सांगाडा वेल्ड करून घेतला, वर दोन इंच जाड आंब्याची फळी टाकली, तिच्यावर मशीन बोल्टने आवळलं. चालू केलं तर हजार फेऱ्यांवर टेबल पडवीभर चालायला लागलं. 41 किलोच्या मशीनवर 6 किलोचा वेडावाकडा ओंडका फिरवला तर दुसरं काय होणार? मग सांगाड्याच्या खालच्या कप्प्यात जांभ्याचे सहा चिरे रचले. एक चिरा तीस किलोच्या घरात जातो. त्या दिवसापासून टेबल गप्प आहे. बाहेरचे लोक वाळूच्या गोणी ठेवतात असं वाचलं होतं. आपल्याकडे चिरा फुकट पडलेला असतो.

नंतर टोकाला टोक जुळवणं. हेडस्टॉकला (मोटरकडचा, लाकूड फिरवणारा भाग) ड्राइव्ह सेंटर, टेलस्टॉकला फिरतं सेंटर लावायचं, टेलस्टॉक पुढे सरकवून दोन्ही टोकं जवळ आणायची आणि वरून, बाजूने बघायचं. माझी टोकं एकमेकांना चुकवून जात होती. आडवा फरक दीड मिलीमीटर, उभा त्याहून बराच कमी. तडक दुकानदाराला फोन लावला. त्याचं उत्तर, "साहेब, लाकडाला एवढं चालतं."

चालतं की नाही ते कामावर आहे. दोन टोकांमध्ये धरून लाटणं कातायचं असेल तर खरोखरच चालतं. पण टेलस्टॉकमध्ये बिट लावून भोक पाडायचं असेल, किंवा चकमध्ये धरलेल्या ठोकळ्याला मागून टेकू द्यायचा असेल, तर अजिबात चालत नाही. भोक मोठं आणि वाकडं पडतं.

रात्री डोक्यात प्रकाश पडला. दोष अर्धा माझाच होता. आंब्याची फळी सपाट नव्हती आणि मी चारही बोल्ट कचकचून आवळले होते. मशीनचा ओतीव बेड, म्हणजे खालचा आडवा पाया, आपल्याला दगडासारखा वाटतो, पण तो पिळला जातो. सकाळी चारही बोल्ट सैल केले तसा आडवा फरक जवळजवळ नाहीसा झाला. एका पायाखाली कागद सहज सरकत होता. तिथे पट्टी घातली, मग आवळलं. उभा फरक मात्र मशीनचाच होता. टेलस्टॉकचं टोक हेडस्टॉकपेक्षा 0.4 मिलीमीटर वर. हेडस्टॉक बेडवर चार बोल्टवर बसतो. ते सोडून चारही ठिकाणी शीतपेयाच्या डब्याचा पत्रा कापून घातला. तो पत्रा साधारण 0.1 मिलीमीटरचा असतो, म्हणजे प्रत्येक ठिकाणी चार थर. आता टोकाला टोक असं भेटतं की मधे ब्लेडचं पातं धरलं तर ते सरळ उभं राहतं. धरून ठेवलेलं पातं ज्या बाजूला कलेल त्या बाजूला चूक, ही युक्ती ड्रम लेथवरची.

टेलस्टॉक आवळायची कळ हा ह्या मशीनचा कायमचा रोग. आवळली की अशी अडकते की हाताने सुटत नाही, ठोकावी लागते. खालचा नट पाव फेरा सैल केला तर कळ सुटते, पण मग टेलस्टॉक सरकतो. पाव फेऱ्याच्या आत जागाच नाही. मी तक्रार करून दमलो.

चक घेताना आटे बघून घ्या. माझ्या स्पिंडलवर एम 33 चे (33 मिलीमीटर व्यास), 3.5 मिलीमीटर पिचचे, म्हणजे दोन आट्यांत तेवढं अंतर असलेले आटे आहेत. बाजारात एक इंची, इंचाला आठ आट्यांचे चकही सर्रास मिळतात आणि वेबसाइटवरच्या फोटोत दोन्ही एकसारखेच दिसतात. ह्या एका गोष्टीत माझं नशीब चांगलं निघालं.

हत्यारांचा आठ नगांचा संच त्याच दुकानदाराने गळ्यात मारला, "हायस्पीड स्टील आहे" म्हणून. घरी आणून ग्राइंडरवर टेकवला. हायस्पीड स्टीलच्या ठिणग्या कमी, मंद, लालसर-नारिंगी पडतात. इथे दिवाळीतल्या फुलबाजीसारखी पांढरी फांद्याफांद्यांची आतषबाजी झाली. म्हणजे साधं कार्बन पोलाद. ते वाईट नसतं, पण आपल्याकडच्या 2,800 फेऱ्यांच्या ग्राइंडरवर जरा जास्त दाबलं की कड निळी पडते आणि निळी पडलेली कड मऊ. शेवटी तीन चांगली हत्यारं वेगळी घेतली: वाडग्यांसाठी एक खोल नळीची गोल पटाशी, दांड्यांसाठी एक उथळ, आणि कापून वेगळं करायची एक पातळ. संचातलं रुंद रफिंग हत्यार दांड्यांवर चालतं. वाडग्यावर ते चुकूनही लावू नका. त्याची मुठीत जाणारी शेपटी पातळ असते, लाकडाच्या आडव्या रेषांत अडकलं तर तिथेच मोडतं.

लाटण्यासाठी लाकूड घेतलं जुन्या घराच्या सागवानी वाशाचं. जुन्या लाकडात खिळे असतात, हे मला माहीत होतं. तरीही एक राहिलाच, आणि नव्या हत्याराच्या धारेला खांडा पडला. आता मोडक्या स्पीकरचं लोहचुंबक दोऱ्याला बांधून आधी सगळ्या अंगावरून फिरवतो.

ठोकळा पावणेदोन इंच चौरस, पंधरा इंच लांब. दोन्ही तोंडांवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघा मारल्या की मध्य मिळतो. तिथे पंच मारायचा. एका तोंडावर त्याच रेघांवरून करवतीने दोन-तीन मिलीमीटर खाचा पाडायच्या आणि ड्राइव्ह सेंटर हातात घेऊन लाकडी मोगरीने त्या खाचांत बसवायचं. लाकूड मशीनवर चढवून मागून ठोकायचं नाही. तो सगळा मार बेअरिंग खातं. मग रंध्याने चार कोपरे उडवून आठ बाजू केल्या की अर्धा धोका तिथेच संपतो.

वेगासाठी एक ठोकताळा आहे: व्यास इंचात आणि मिनिटाला फेरे, ह्यांचा गुणाकार 6,000 ते 9,000 च्या मधे ठेवायचा. दहा इंची ठोकळ्याला 600 ते 900. पावणेदोन इंचाच्या लाटण्याला त्याच हिशोबाने साधारण साडेतीन हजार आणि त्याच्या वर निघतात, पण तो गोल, समतोल झालेल्या लाकडाचा हिशोब. मी दीड हजारावर सुरू करतो आणि गोल झाल्यावर अडीच हजारापर्यंत नेतो. त्यापुढे जायची मला गरज पडलेली नाही.

लाटणं झालं. दिसायला देखणं, वर खोबरेल चोळलेलं. हिने दोन पोळ्या लाटल्या आणि तिसरी न लाटता लाटणं ओट्यावर ठेवलं. "हे एका बाजूला जाड आहे."

व्हर्नियर लावला. एका टोकाला 42.1 मिलीमीटर, दुसऱ्याला 40.3. आणि मी, सगळं आयुष्य लेथवर घालवलेला माणूस, सरळ पाना घेऊन टेलस्टॉककडे गेलो. ड्रम लेथवर निमुळतं आलं की दोष मशीनच्या रेषेत, हे हाडात मुरलेलं. संध्याकाळभर टेलस्टॉक इकडचा तिकडे करून दुसरं लाटणं कातलं, तेही निमुळतं. मग लक्षात आलं. इथे हत्यार मशीनच्या सरकत्या गाडीवर बसलेलं नाही, माझ्या हातात आहे. मशीन फक्त लाकूड फिरवतं. लाटणं निमुळतं झालं कारण डाव्या टोकाकडे जाताना मी हत्यार अंगाशी ओढून घेत होतो. घरी कुणाला हे सांगितलं नाही. आता पातळ हत्याराने चार ठिकाणी कॅलिपर लावून 40 मिलीमीटरच्या खाचा करतो, मग मधलं लाकूड त्या खाचांपर्यंत उतरवतो. तिसरं लाटणं पास झालं आणि अजून स्वयंपाकघरात आहे.

त्याच सुमारास सावंतवाडीला जाऊन आलो. लाकडी खेळण्यांची दुकानं सगळ्यांना माहीत असतात, मला कातकाम बघायचं होतं. तिथे आता विजेची मोटर आहे. जुन्या पद्धतीत एक जण दोरी ओढून लाकूड पुढेमागे फिरवायचा आणि कातारी जमिनीवर बसून, पायाचाही आधार घेत, लाकूड आपल्याकडे फिरेल तेवढ्याच वेळात कापायचा. मी एका म्हाताऱ्या कारागिराजवळ बराच वेळ उभा होतो. हत्यार आधी रेस्टवर टेकायचं, मग धारेच्या मागची उतरती बाजू लाकडावर नुसती घासू द्यायची, आणि मूठ हळूच उचलली की धार आपोआप लाकडात शिरते. तो हे इतक्या सावकाश करत होता की भुसा न उडता साबणाच्या सालीसारखी लांब वेटोळी पडत होती. रंगही तिथेच बघितला. फिरत्या लाकडावर लाखेची रंगीत कांडी दाबून धरायची, घासून ती वितळते आणि लाकडावर चढते, वरून केवड्याच्या पानाने घासलं की आरसा. घरी येऊन नातवाच्या भोवऱ्यावर करून बघितलं. पहिल्यांदा लाख गोळ्या-गोळ्यांनी बसली, चौथ्यांदा बरी. त्या भोवऱ्याची आर मात्र मी मध्यात ठोकली होती. लेथवरून उतरवायच्या आधी टेलस्टॉकच्या टोकाची खूण तिथे तयार असते. नातू जाळी गुंडाळून फेकतो तेव्हा भोवरा जागच्या जागी झोपतो. हे ह्या मशीनवरचं माझं सगळ्यात चोख काम.

आता फणस. इथे मशीनचा दोष नाही, पण ज्याला लेथ घ्यायचाय त्याने हे वाचावंच.

पहिलं वाडगं केलं ते ओंडका आडवा कापून, जसा पोळपाट बसेल तसा. कापताना तो ओलसर लागला. चार वर्षं झालेल्या ओंडक्यात ओल कशी, असं मला वाटलं होतं. पण सालीसकट ठेवलेलं जाड लाकूड आतून वाळतच नाही. फळीचा जुना हिशोब इंचाला एक वर्ष, तोही वारा लागला तर. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, गोठ्यात कसला वारा? वाडगं छान झालं, फ्रिजवर ठेवलं, तिसऱ्या दिवशी रात्री टक्कन आवाज झाला. मधल्या ठिपक्यापासून, म्हणजे खोडाच्या गाभ्यापासून, काठापर्यंत एक चीर, करंगळीचं नख जाईल एवढी.

कारण सोपं आहे. लाकूड आकसतं ते सगळीकडे सारखं नाही. वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने ते मध्यापासून सालीकडच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट आकसतं. मधला ठिपका वाडग्यात ठेवला की ह्या ओढाताणीला सुटायला जागा राहत नाही, मग ते फाटतं. म्हणून ओंडका उभा, त्या ठिपक्यातून चिरायचा, ठिपक्याच्या दोन्ही बाजूंची इंचभर पट्टी चुलीला द्यायची आणि उरलेल्या दोन अर्धुकांतून वाडगी काढायची. कापताना लांबी रुंदीपेक्षा थोडी जास्त ठेवायची, कारण तोंडाकडून चिरा आत येतातच, तेवढा तुकडा नंतर उडवता येतो. आणि कापल्या कापल्या, चहाला न जाता, दोन्ही तोंडांना फेविकॉलचा जाड थर किंवा वितळलेलं मेण. पाणी तोंडातून फार पटकन निघून जातं, त्याला अडवायचं. मी एकदा दुपारी कापलेले चार ठोकळे "संध्याकाळी लावू" म्हणून उन्हात ठेवले. संध्याकाळी चारही तोंडांवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा.

पुढची पायरी दोनदा कातायची. ओलं असताना वाडगं जाडजूड कातायचं. भिंतीची जाडी व्यासाचा दहावा हिस्सा, म्हणजे 240 मिलीमीटरच्या वाडग्याला 24. मग ते त्याच्याच भुशासकट कागदी पिशवीत घालून सावलीत ठेवायचं. मी दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून पेन्सिलने बुडाला लिहीत गेलो: 1,640, 1,455, 1,340, 1,281, 1,252, 1,240, 1,237, 1,237 ग्रॅम. दोन रविवार आकडा हलला नाही तेव्हा काढलं. तोवर ते गोल राहिलं नव्हतं. एका दिशेला 238, दुसऱ्या दिशेला 229, वरून बघितलं तर अंड्यासारखं. त्यासाठीच ती जास्तीची जाडी असते. परत चकवर चढवून गोल केलं, 7 मिलीमीटर भिंत ठेवली. ते अजून कुठे तडकलेलं नाही. हिने त्यात लसूण ठेवलाय.

आंब्याचं सांगायचं तर, कातायला तो सोपा पण किडीला फार प्रिय. माझ्या तीन ठोकळ्यांखाली सकाळी पिठाच्या लहान लहान राशी दिसायच्या. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवलेले ठोकळे वाचले, बाकीचे गेले. आणि शिसवीचा भुसा नाकात जाऊ देऊ नका. मला दोन दिवस शिंका आणि हातावर पुरळ आलं होतं.

एक प्रसंग सांगतो, हसण्यासारखा नाही. गेल्या मार्चमध्ये आठ इंची वेडावाकडा गाठीचा ठोकळा फेसप्लेटवर लावला. आदल्या दिवशी भोवरा कातला होता, त्याचा वेग बटणावर तसाच. चालू करायचं बटण दाबलं आणि ठोकळा स्क्रूसकट उचकटून वर गेला. पडवीच्या पत्र्याला पोचा आलाय, अजून आहे. मी ठोकळा उडायच्या रेषेतून बाजूला उभा होतो आणि तोंडावर प्लास्टिकची ढाल होती, एवढंच. ह्या मशीनमध्ये बंद केल्यावर वेगाचं बटण आपोआप शून्यावर येत नाही. काही मशीनमध्ये बटण शून्यावर आणल्याशिवाय सुरूच होत नाही. इथे ती सोय ठेवलेली नाही, आणि मला वाटतं हा ह्यातला सगळ्यात मोठा दोष. आता बटणाच्या वर लाल रंगाने "आधी शून्य" लिहिलंय. ठोकळा हाताने एक पूर्ण फेरा फिरवून बघितल्याशिवाय चालू करत नाही. हातमोजे नाहीत, लांब बाही नाही, चकची किल्ली चकमध्ये सोडत नाही.

विजेचा त्रास वेगळा. संध्याकाळी आमच्याकडे दाब 180 व्होल्टपर्यंत उतरतो, तेव्हा वेगाचा आकडा लुकलुकतो आणि मशीन मधेच थांबतं. त्यातच 2024 च्या ऑक्टोबरात परतीच्या पावसात वीज कडाडली आणि कंट्रोल बोर्ड गेला. वॉरंटी एक वर्ष होती, अकरावा महिना चालू होता. दुकानदाराने आधी फोटो मागितला, मग व्हिडिओ, मग बिल, मग म्हणाला की वीज पडणं वॉरंटीत बसत नाही. बोर्ड 5,200 ला आला, सात आठवड्यांनी. मोटर डीसी असल्यामुळे बोर्ड नसला की मशीन म्हणजे नुसतं वजन. स्टॅबिलायझर लावा, अर्थिंग तपासून घ्या, आणि पावसाची गडगड सुरू झाली की प्लग काढा. पट्टा-पुलीचा साधा एसी मोटरवाला लेथ असता तर आमच्या नाक्यावरच्या वायंडिंगवाल्याने एका दिवसात चालू करून दिला असता. पुन्हा घ्यायचा झाला तर मी तसाच घेईन, बटणाने वेग बदलायची चैन नको.

गंज. पहिल्या पावसाळ्यात मशीनवर प्रेमाने गोधडी घातली होती. गोधडीने ओल धरली आणि नागपंचमीपर्यंत बेड तांबडा. आता काम संपलं की भुसा झटकायचा, कारण ओल्या फणसाचा भुसा रात्रभर बेडवर राहिला तर सकाळी काळे डाग दिसतात. मग मेण चोळायचं. वर काही घालत नाही, बाजूला 60 वॅटचा बल्ब लावून ठेवतो.

मग घ्यावा का? पाने-पट्ट्या हाताळायची सवय असेल, आणि महिनाभर नुसतं मशीन जुळवण्यात गेला तरी चिडणार नसाल, तर ह्या पैशात ह्यापेक्षा मोठं काही मिळत नाही. बेअरिंग शांत आहेत, दोन वर्षांत स्पिंडलला हलण नाही, 10 इंची फणस कमी वेगावर न कुरकुरता ओढतो. ज्याला खोकं उघडून त्याच दिवशी काम सुरू करायचंय त्याने थोडे पैसे साठवावेत, किंवा एखादा जुना देशी ओतीव लेथ शोधावा. शिकायला मात्र कुठेतरी एक दिवस कातारी माणसाजवळ उभे राहा. माझे पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा त्या बटणासाठी कापला, एक दुकानदारासाठी.

ती निमुळती झालेली दोन लाटणी टाकली नाहीत. पहिलं पडवीत खिळ्याला टांगलंय, टेलस्टॉकची कळ अडकली की त्यानेच ठोकतो. जाड टोकाने.